अडीच गुंठ्यांचा वसंत

१/
१ एप्रिल १६४९, रविवार. इंग्लंडच्या सरे काउंटीतील सेंट जॉर्जेस हिल नावाच्या उजाड टेकडीवर पाच-सहा माणसे फावडी घेऊन चढली आणि जमीन खणू लागली. त्यांनी तेथे गाजर, घेवडा आणि पार्सनिप पेरले. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच ही वार्ता इंग्लंडच्या राज्य परिषदेपर्यंत पोहोचली आणि सेनापतीला चौकशीसाठी घोडदळ धाडावे लागले. गाजरे पेरण्यात राज्याने धास्तावावे असे काय होते? आजचा थ्रेड या प्रश्नापासून सुरू होतो.

२/
ब्रिटनमध्ये 'अलॉटमेंट' नावाची एक व्यवस्था आहे. ती घरामागचा परस नव्हे. गावाच्या कडेला किंवा रेल्वेमार्गालगत एका मोठ्या आवारात ओळीने आखलेले जमिनीचे तुकडे असतात आणि त्यांतील एकेक तुकडा एकेका कुटुंबाने, बहुधा नगरपालिकेकडून, वार्षिक भाड्याने घेतलेला असतो. त्यावर भाजीपाला आणि फळझुडपे लावायची ती मुख्यतः घरी खाण्यासाठी, धंद्यासाठी नव्हे. रूढ आकार दहा चौरस रॉड. आपल्या मापात सांगायचे तर बरोबर अडीच गुंठे.

३/
'बरोबर' हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. एडमंड गंटर याने १६२० च्या सुमारास रूढ केलेली मोजणीची साखळी चार रॉडांची, म्हणजे ६६ फुटांची होती. इंदापूर तालुक्यात १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ज्या महसुली मोजणीचा पाया घातला, त्या मुंबई इलाख्याच्या परंपरेतील साखळी हिच्या निम्मी, ३३ फुटांची. तिचा एक चौरस म्हणजे एक गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. एका गुंठ्यात चार चौरस रॉड बसतात. आजोबांच्या जुन्या सातबाऱ्यावरचा गुंठा आणि इंग्रज शेतमजुराचा भाजीचा वाफा मापाने सख्खे भाऊ आहेत, हे ध्यानात आले तेव्हा ग्रंथालयात मला एकट्यालाच हसू आले होते.

४/
आता ऋतूविषयी. आपल्याकडे फाल्गुन म्हणजे रब्बीची सुगी: गहू कापणीला आलेला, हरभरा खळ्यात पडलेला. इंग्लंडमध्ये हेच दिवस वर्षातले सर्वांत रिकामे. मार्चमध्ये जमीन थंड, ओली आणि फावड्याला चिकटणारी. साठवणीतले बटाटे-कांदे सरत आलेले. वाफ्यात उभे असलेले लीक आणि केल आता फुलोऱ्यावर येऊन निबर होणार, आणि नवे पीक जूनच्या आधी फारसे हाती लागणार नाही. या पोकळीला तिकडचे बागकाम करणारे 'हंग्री गॅप' म्हणतात. आषाढात कणगी तळाला गेलेली आणि खरीप अजून वीतभरही नाही, ती जुन्या पिढीच्या तोंडची ओढगस्त आठवा; जात तीच, महिने वेगळे.

५/
या रिकाम्या दिवसांतच सर्व पेरायचे असते. बी जमिनीत टाकणारा माणूस पुढचे चार-सहा महिने ही जागा आपल्या ताब्यात राहील असे गृहीत धरतो. म्हणून 'जमीन कोणाची' हा प्रश्न तिकडे वसंतारंभी सर्वाधिक धारदार होतो. २५ मार्च हा 'लेडी डे'. खंड चुकता करण्याचा आणि शेतीचे करार सुरू होण्याचा दिवस. १७५२ पर्यंत इंग्लंडचे नववर्षही याच दिवशी सुरू होई. म्हणजे आपली फावडेवाली मंडळी टेकडीवर चढली ती नववर्षाच्या आठव्या दिवशी.

(सनावळ्या पाठ करणाऱ्यांसाठी: पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ चा मानतो, तत्कालीन इंग्रज कागदपत्रांत तो जानेवारी १६४८ चा दिसतो. कारण हेच.)

६/
त्या शिरच्छेदाला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. यादवी युद्धाने देश पोखरला होता, लागोपाठ पिके बुडाली होती, धान्य महागले होते. टेकडीवरील गटाचे दोन पुढारी होते: विल्यम एव्हरार्ड आणि जेरार्ड विन्स्टन्ली. विन्स्टन्ली हा एके काळचा लंडनमधील कापडव्यापारी. १६४३ मध्ये त्याचे दिवाळे वाजले आणि तो कोबहॅम गावी गुरे राखू लागला. त्याचे म्हणणे सरळ होते: पृथ्वी ही सर्वांची सामाईक ठेव आहे, गावची पडीक, सामाईक जमीन गरिबांनी एकत्र कसावी, कोणाला खंड देऊ नये, आणि मुख्य म्हणजे कोणाकडे मजुरीनेही जाऊ नये. लोक त्यांना 'डिगर्स', म्हणजे खणणारे म्हणू लागले.

७/
त्यांनी काय पेरले हे आपल्याला ठाऊक आहे, ते त्यांच्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या एका स्थानिक गृहस्थाच्या कृपेने. त्या तक्रारीत पिकांची नावे आहेत. अभ्यासक बहुधा ती यादी ओलांडून विचारांकडे वळतात. मला ती यादीच बोलकी वाटते.

पार्सनिप हे गाजराच्या कुळातले पांढरट मूळ. बी उगवायलाच तीन-चार आठवडे लागतात. पीक तयार होते शरदात, आणि खरी गोडी उतरते ती हिवाळ्याचे हिमकण पडून गेल्यावर. काढण्याची घाईही नसते. थंडीभर जमिनीतच ठेवून लागेल तसे उपटता येते. एप्रिलच्या पहिल्या दिवशी पार्सनिप पेरणारा माणूस निषेधाचा देखावा करून संध्याकाळी घरी जाणारा नसतो. पुढच्या हिवाळ्यापर्यंत येथेच राहण्याचा त्याचा बेत असतो. घेवड्याचेही तसेच: ब्रॉड बीन ही थंडी सोसणारी जात, आणि वाळवून ठेवली की वर्षभराची बेगमी. मिरवायची पिके ही नव्हेत, पोटाची आहेत.

८/
सेनापती फेअरफॅक्सने पाठवलेल्या कॅप्टन ग्लॅडमनला या प्रकरणात दखल घेण्याजोगे काही दिसले नाही. २० एप्रिलला विन्स्टन्ली आणि एव्हरार्ड लंडनला फेअरफॅक्सच्या भेटीला गेले. इंग्लंडच्या सर्वशक्तिमान सेनापतीपुढे दोघांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या नाहीत. तोही आपल्यासारखाच एक मनुष्यप्राणी, ही त्यामागची भूमिका.

भय सेनापतीला नव्हते, ते आसपासच्या जमीनदारांना होते. त्यांना गाजरांचे काय ते कौतुक! त्यांना दिसत होते ते एवढेच, की सामाईक जमिनीवर पोट भरू लागलेला मजूर उद्या आपल्या बांधावर कामाला येणार नाही. टेकडीवर हल्ले झाले, अवजारे हिसकावली गेली, उभे पीक तुडवले गेले, खटले भरले गेले. उन्हाळा संपण्यापूर्वी गट कोबहॅमच्या माळावर हलला. एप्रिल १६५० मध्ये, पहिल्या पेरणीला वर्ष होते न होते तोच, त्यांची खोपटी जाळण्यात आली.

सेंट जॉर्जेस हिलवर आज फाटकाआडची एक खासगी वसाहत आहे, अतिश्रीमंतांची. गोल्फचे मैदानही आहे.

९/
मग अलॉटमेंट कोठून आले? त्यासाठी दीड शतक पुढे जावे लागते.

इंग्लंडच्या खेड्यांत आपल्या गायरानासारखी सामाईक जमीन असे. गरिबाला तिची मालकी नव्हती. पण एखादी गाय चारणे, सरपण वेचणे, हंस पाळणे असे हक्क होते. 'एन्क्लोजर' म्हणजे या जमिनीला कुंपण घालून ती खासगी करणे. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने असे ५,२०० हून अधिक कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्राच्या एक-पंचमांशाहून अधिक भूमी कुंपणात गेली. कुंपण घालताना जुन्या हक्कांच्या मोबदल्यात ज्याला जो वाटा नेमून दिला जाई, त्याला 'अलॉटमेंट' म्हणत. नावातच 'वाटणी' आहे. आधी सर्वांचे होते त्याची वाटणी.

१०/
आर्थर यंग हा त्या काळचा नामांकित शेतीलेखक. एन्क्लोजरचा त्याच्याएवढा कट्टर पुरस्कर्ता क्वचितच कोणी असेल. १७९५ पासूनच्या महागाईची वर्षे पाहिल्यावर मात्र हा माणूस हादरला. १८०१ मध्ये त्याने लिहिले की वीसांपैकी एकोणीस कायद्यांत गरिबांचे नुकसानच झाले आहे, आणि पडीक जमिनीचा उपयोग त्यांना थोडी भूमी देण्यासाठी व्हावा. त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. स्वतःचे आयुष्यभराचे प्रतिपादन मागे घेणारे लेखक दुर्मीळ असतात, म्हणून ही नोंद.

११/
ऐकले गेले ते आगी लागल्यावर. १८३० च्या शरदात आग्नेय इंग्लंडमध्ये शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली, गंज्या पेटवल्या. हा 'स्विंग' उठाव. १९ जणांना फाशी झाली, शेकडोंना ऑस्ट्रेलियात धाडले गेले. त्यानंतर एकाएकी जमीनदार आणि पाद्री मंडळींना मजुरांना भाजीचे तुकडे भाड्याने देण्याची कल्पना अत्यंत पटू लागली. १८७३ पर्यंत अशा तुकड्यांची संख्या अडीच लाखांच्या घरात पोहोचली.

१२/
पण तुकडा केवढा असावा? माझ्या मते या इतिहासाची नस येथे आहे. एकोणिसाव्या शतकातील सर्वसाधारण मर्यादा पाव एकर: आपले दहा गुंठे. शेतकरी मालकांची तक्रार असे की मजूर दिवसभर अंग राखून काम करील आणि उरलेली ताकद स्वतःच्या वाफ्यात ओतील. वर आपल्या कोठारातले बेणेही चोरील. तेव्हा हिशेब असा बसवला गेला: जमीन इतकी हवी की मजुराचे कुटुंब गरीबनिधीवर भार होऊ नये, आणि इतकीच हवी की त्याला मजुरी सोडता येऊ नये.

विन्स्टन्लीच्या हातातले फावडे आणि या मजुराच्या हातातले फावडे एकच, पार्सनिपही तेच. फक्त 'कोणाकडे मजुरीने जाऊ नये' हे कलम काढून टाकले होते.

१३/
करारातल्या अटी वाचण्याजोग्या आहेत. नांगर चालवायचा नाही, फावड्यानेच खणायचे. गुन्ह्यात शिक्षा झाली तर तुकडा गेला. अनेक ठिकाणी रविवारी चर्चला हजर राहणे सक्तीचे, आणि रविवारी वाफ्यात काम करण्यास मनाई.

आता मार्च महिना डोळ्यांपुढे आणा. मालकाच्या शेतात पेरणीची धांदल, मजूर उजाडल्यापासून मावळेपर्यंत तिकडे. स्वतःची पेरणीही याच आठवड्यांत साधायची. रविवार बंद. उरतो तो मावळतीनंतरचा संधिप्रकाश. बायका-मुले दिवसा खणत, दगड वेचत, खत वाहत. ही मेहनत कोणत्याही करारात लिहिलेली नाही.

१४/
बटाटे गुड फ्रायडेला लावावेत, असा इंग्लंडमध्ये जुना संकेत आहे. वास्तविक शेतीच्या दृष्टीने तो विचित्रच. कारण गुड फ्रायडे दर वर्षी हलतो. कधी मार्चच्या उत्तरार्धात, तर कधी एप्रिलचा तिसरा आठवडा उलटल्यावर. लवकर लावले तर कोंब वर येताच हिमाने काळे पडण्याची भीती. मग हा मुहूर्त का टिकला? धार्मिक स्पष्टीकरणे आहेतच. परंतु एक साधे कारण असे की वसंतारंभी मजुराला कामावरून सुटी मिळे असा रविवार सोडून दिवस तो एकच. पंचांगाने नव्हे, हजेरीने ठरवलेला मुहूर्त.

१५/
१८४५ च्या सर्वसाधारण एन्क्लोजर कायद्यात गरिबांसाठी तुकडे राखून ठेवण्याची तरतूद आली. प्रत्यक्षात पुढील पंचवीसएक वर्षांत सहा लाखांहून अधिक एकर कुंपणात गेले, त्यांतून तुकड्यांसाठी राखले गेले हजारामागे चार एकरही नाहीत.

परिस्थिती पालटली ती १८८४ मध्ये, खेड्यातील मजुराला मताधिकार मिळाल्यावर. जेसी कॉलिंग्ज या खासदाराच्या पक्षाने 'तीन एकर आणि एक गाय' ही घोषणा दिली. जानेवारी १८८६ मध्ये त्याने मजुरांना जमीन देण्याबाबत मांडलेल्या दुरुस्तीवर लॉर्ड सॉल्सबरीचे सरकार ७९ मतांनी पराभूत होऊन पायउतार झाले. पडद्यामागे आयर्लंडचा प्रश्न होता, हे खरे. पण नोंदीत सरकार पडले ते भाजीच्या वाफ्यांवरून. १८८७ मध्ये पहिला परिणामकारक कायदा झाला. १९०८ च्या कायद्यान्वये सहा मतदारांनी मागणी केली तरी स्थानिक संस्थेला तिची दखल घेणे बंधनकारक ठरले.

१६/
१ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनकडे जाणारे कोणतेही जहाज बुडवण्यास प्रारंभ केला. आदल्या हंगामातील बटाटा हातचा गेलेला होता. पुन्हा तोच रिकामा वसंत. या वेळी भूक मजुराच्या झोपडीपुरती नव्हती. डिसेंबर १९१६ च्या आदेशाने स्थानिक संस्थांना पडीक जमिनी परस्पर ताब्यात घेऊन लोकांना वाटता येऊ लागल्या. सामाईक कसण्यासाठी पडीक भूमी: विन्स्टन्लीची खोपटी ज्यासाठी जळाली, ते आता शासकीय कर्तव्य झाले. बकिंगहॅम राजवाड्यासमोरील व्हिक्टोरिया स्मारकाभोवतीची फुलझाडे उपटून तेथे भाज्या लावण्यात आल्या. आणि रविवारची बंदी? कँटरबरीच्या आर्चबिशपांनी पत्रक काढून रविवारी जमिनीत काम करण्यास मुभा दिली! युद्धापूर्वी सुमारे सहा लाख असलेले तुकडे युद्धाअखेर पंधरा लाखांच्या आसपास गेले.

१७/
युद्ध संपताच मूळ मालक जमिनी परत मागू लागले. तरी काही गोष्टी पदरात पडल्या. १९१९ मध्ये 'श्रमिक वर्गासाठी' ही अट गेली आणि अलॉटमेंट कोणालाही मिळू लागले. १९२२ च्या कायद्याने काढून टाकल्यास उभ्या पिकाची भरपाई ठरवली. १९२५ च्या कायद्याने पालिकेच्या कायमस्वरूपी अलॉटमेंटची जमीन मंत्र्याच्या संमतीवाचून विकता येणार नाही, असे ठरले. पार्सनिप पेरणाऱ्याला ते काढण्यापर्यंतचा थोडाफार भरवसा मिळायला २७६ वर्षे लागली.

१८/
दुसऱ्या महायुद्धातील 'डिग फॉर व्हिक्टरी' तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. लंडनच्या किल्ल्याच्या खंदकात कोबी लावल्याची छायाचित्रे वारंवार फिरतात. छायाचित्रांपेक्षा मला शासनाचे पहिले पत्रक मोलाचे वाटते. ९० फूट लांब, ३० फूट रुंद तुकड्याचा त्यात नकाशा आहे (म्हणजे जवळजवळ आपले अडीच गुंठे). कोणत्या ओळीत काय, कधी पेरायचे, पुढच्या वर्षी कोणते पीक कोठे हलवायचे, सारे आखलेले. भर आहे तो हिवाळी आणि वसंती भाज्यांवर. कारण उन्हाळ्यात कोणीही पिकवील, मार्च-एप्रिलमध्ये चूल कशी पेटेल हा खरा पेच.

१९/
ऑक्टोबर १९३९ मध्ये रेडिओवरून आणखी पाच लाख अलॉटमेंटचे आवाहन करणारे कृषिमंत्री होते सर रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ. १९४१ मध्ये ते ब्रह्मदेशाचे गव्हर्नर झाले. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानने घेतला, बंगालकडे येणारा तेथील तांदूळ थांबला, आणि पुढच्या वर्षीच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली. त्या दुष्काळाची कारणे अनेक आहेत: नौका आणि धान्य जप्त करण्याचे धोरण, भाववाढ, आयातीस नकार. त्यांवर स्वतंत्र थ्रेड हवा. 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम आपल्याकडेही त्याच काळात निघाली. परंतु पिकवण्यासाठी आधी पायाखाली जमीन लागते, आणि बंगालमध्ये सर्वाधिक मेले ते भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर. लंडनच्या कारकुनाच्या हाती अडीच गुंठे होते.

(हा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही येथे संपला नाही. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केला, तो याच प्रश्नावर.)

२०/
युद्धानंतरची कथा उताराची आहे, ती थोडक्यात. भाजी स्वस्त झाली, घरांसाठी जमिनी गेल्या. १९६९ मध्ये प्रा. हॅरी थॉर्प यांच्या समितीने अलॉटमेंट हे नावच टाकून 'फुरसतीची बाग' म्हणावे, असे सुचवले. लोकांनी मानले नाही, बरेच झाले. १९७० च्या दशकातील महागाईत मागणी पुन्हा वाढली. १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले भारतीय वंशाचे लोक लेस्टरसारख्या शहरांत आले, आणि त्यांच्या वाफ्यांत मेथी-कोथिंबीर दिसू लागली. मिरची मात्र तिकडच्या थंड मातीला मानवत नाही. तिचे बी फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात, खिडकीच्या कठड्यावर लहान कुंड्यांत रुजवायचे आणि हिमाचे भय सरल्यावर बाहेर न्यायचे.

२१/
आज ब्रिटनमध्ये सुमारे तीन लाखांच्या वर तुकडे आहेत आणि अनेक शहरांत प्रतीक्षायाद्या वर्षानुवर्षांच्या. यादी लवकर सरकावी म्हणून पालिका मोकळा झालेला तुकडा अनेकदा मधोमध दुभागतात. नव्या अर्जदाराच्या हाती येतो तो पाच रॉड: सव्वा गुंठा. मार्चमध्ये ताबा मिळाला तर पहिले काम तण उपटणे; दुसरे, बेण्याचे बटाटे अंड्यांच्या पुठ्ठ्यात डोळे वर करून उजेडात मांडणे; तिसरे, आधीच्या भाडेकऱ्याने मागे ठेवलेल्या रूबार्बचे पहिले गुलाबी देठ ओढून घेणे. वर्षातले पहिले 'फळ' ते हेच, जरी ती खरी भाजी असली तरी.

२२/
तुमच्या गावच्या गायरानाचा जुना सातबारा कोणी पाहिला असेल, तर क्षेत्र किती होते आणि आज किती उरले ते खाली जरूर लिहा. एकर-गुंठ्यांत लिहिलेत तरी चालेल.